माथ्यावरचं ओझं पाठीवर आलं, पण आपलं बोर्ड कुठंय?

जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.

सकाळी दिघा गाव स्टेशनच्या फलाटावर उभं राहून बघा. कंपनीचा डबा घेतलेले काका आता कमी दिसतात. पाठीवर काळी बॅग, कानात इयरफोन, हातात मोबाईल अशी पोरं-पोरी जास्त दिसतात. त्यातली काही ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये जातात, गळ्यात ओळखपत्र असतं. पण काहींच्या गळ्यात काहीच नसतं. ते आज ठाण्याला, उद्या पुण्याला, परवा रत्नागिरीला. कुणाचं फेसबुक पेज सांभाळतात, कुणाचे रील कापतात, कुणाची जाहिरात चालवतात. बॅगेत लॅपटॉप, चार्जर, छोटा ट्रायपॉड आणि एक जोडी कपडे. ऑफिस कुठंय विचारलं तर हसतात.

त्यातलाच मी एक. गेली बरीच वर्षं दिघ्यात राहून हेच करतोय. कोकणातल्या होमस्टेचे फोटो, नाशिककडच्या द्राक्ष बागायतदाराचे व्हिडिओ, निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराचं पेज. काम जिथं असेल तिथं जायचं, रात्री लॉजवर बसून पोस्ट टाकायच्या. माझी आई अजून शेजारणीला सांगते, "याचं काय ते मोबाईलचं असतं."

परवा बँकेत कर्जाचा अर्ज भरताना एक रकाना आला. मालकाचं नाव आणि पत्ता. माझा पेन तिथंच थांबला. शेजारी वडील बसले होते. ते म्हणाले, "आमचं पण हेच होतं रे. आम्हाला तरी कुठं एक मालक होता?"

वडील माथाडी. वाशीच्या मार्केटमध्ये आयुष्य गेलं. त्यांच्या त्या एका वाक्यावरून ही पोस्ट सुचली.

आपल्याला वाटतं, फिरत फिरत काम करणारा माणूस हे इंटरनेटचं नवं पिल्लू. 'डिजिटल नोमॅड' हा शब्दही त्यात भर घालतो. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांनी १९९७ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं. यंत्रं लहान होतील, जाळं सगळीकडे पोचेल आणि माणूस कुठूनही काम करेल, असा त्यांचा अंदाज होता. तो बराचसा खरा ठरला. करोनानंतर तर अशा लोकांना बोलवायला देशच पुढे आले. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्यासाठी खास व्हिसा काढला. पण तो मिळवायला महिन्याची कमाई अशी दाखवावी लागते की आपल्या फलाटावरच्या पोरांनी त्याचं नावच काढू नये.

म्हणजे त्या शब्दात समुद्रकिनारा आहे, नारळपाणी आहे. आपल्या पोरांच्या वाट्याला एसटीची मागची सीट आणि जनरल डबा येतो. पण विद्या पाठीवर टाकून गाव सोडायचं ही गोष्ट आपल्या मातीत फार जुनी आहे.

पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे आठवा. आपल्यापासून काही फार लांब नाही ते गाव. घरात कर्ज झालेलं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कानावर आलं. काकांबरोबर १८५७ साली ते पायी निघाले. भिक्षुकी हाच धंदा, सामान म्हणजे पाठ असलेली विद्या. वाटेत बंड पेटलं. पुढच्या वर्षी झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. कमावलेलं वाटेत लुटलं गेलं. घरी आले तेव्हा आईवडिलांसाठी आणलेली गंगेच्या पाण्याची कावड होती आणि बघितलेलं सगळं डोक्यात होतं. ते त्यांनी पुढे लिहून काढलं. चिंतामण विनायक वैद्यांनी ते 'माझा प्रवास' म्हणून १९०७ मध्ये छापलं, तेव्हा गोडसे हयात नव्हते.

आज भाषेत सांगायचं तर कंटेंट अव्वल होता, पेमेंट बुडालं. हसू येतं, पण आपल्या धंद्याची दुखणी त्या गोष्टीत सगळी आहेत. काम लांब, मालक पक्का नाही, वाटेत काही झालं तर विचारणारं कुणी नाही.

आता दिघ्याकडे येऊ.

दिघ्याचा ठाणे-बेलापूर रस्ता म्हणजे पक्क्या नोकरीचा रस्ता होता. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे खाडीच्या या बाजूला कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. आपल्या टोकाला मुकंद, भारत बिजली, सीमेन्स. कंपनीचा भोंगा, शिफ्ट, कॅन्टीन, बोनस, युनियनचा फलक. कंपनीत 'परमनंट' झालेल्या मुलाला पोरगी लगेच मिळायची. माणूस कोण हे त्याच्या गेटवरून ठरायचं.

पण त्या काळातही गेट नसलेला एक मोठा वर्ग होता. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत गोणी उचलणारे. माथ्यावर ओझं वाहतो म्हणून माथाडी. बहुतेक सातारा, सांगली, पुणे भागातून आलेले. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी तिसऱ्याचा. मालक कोण? सगळेच आणि कुणीच नाही. त्यामुळे रजा नाही, फंड नाही, पाठ मोडली तर गावची वाट.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना संघटित केलं. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार असं त्याचं लांबलचक नाव. या कायद्यातली युक्ती आजच्या पोरांनी नीट समजून घ्यावी, कारण ती फार साधी आणि फार हुशार आहे.

एक मालक नाही ना? मग मधे एक बोर्ड बसवा. त्यात मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. कामगाराची नोंद बोर्डात, व्यापाऱ्याचीही नोंद बोर्डात. ज्याने काम करून घेतलं त्याने मजुरी बोर्डात भरायची आणि वर ठरलेली लेव्ही भरायची. टोळीच्या हिशोबाप्रमाणे बोर्ड कामगाराला पगार देणार, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. मालक रोज बदलला तरी माणसाचं खातं एकच राहिलं.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईचे घाऊक बाजार वाशीला आले आणि माथाडीही आपल्या नवी मुंबईकर झाले. माझे वडील दिघ्याहून बसने वाशीला जायचे. घरात पत्र्याच्या पेटीत त्यांचं बोर्डाचं ओळखपत्र असायचं. निवृत्त झाले तेव्हा फंडाचे पैसे आले, त्यातून बहिणीचं लग्न झालं आणि घराचं उरलेलं कर्ज फिटलं. शाळा सातवीपर्यंत. मी पदवीधर, इंग्रजी येतं, चार सॉफ्टवेअर येतात. फंडाच्या रकान्यात माझ्या नावापुढे शून्य.

असं का झालं, ते बघू.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पहिल्या शहरांत मुंबई होती. मग सायबर कॅफे आले, कॉल सेंटर आली. बंद पडलेल्या आणि आक्रसलेल्या कारखान्यांच्या या पट्ट्यात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. ती दिघ्याच्या अंगावरून जायची, थांबायची नाही. आपल्याला स्टेशन मिळालं १२ जानेवारी २०२४ ला. आयटीची गाडी पण दिघ्याच्या पोरांच्या अशीच अंगावरून गेली. काहींना आत जागा मिळाली, बरेच जण बाहेर राहिले.

त्या काळात घरून काम करणं सोपं नव्हतं, हे आज कुणाला आठवत नाही. कॉल सेंटरला दूरसंचार खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागायची, आणि कर्मचाऱ्याला घरून काम द्यायचं तर अटी आणि अनामत रक्कम. म्हणजे जाळं सगळीकडे होतं, पण खुर्ची ऑफिसातच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ती अनामत बाजूला ठेवावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये ते नियमच मोठ्या प्रमाणात सैल केले. जे काम इमारतीला बांधलेलं होतं ते सुटलं. सुटलं ते कामगाराच्या हातात पडलं की कंपनीच्या सोयीने पडलं, हा वेगळा प्रश्न.

त्याआधी आणखी एक गोष्ट झाली होती, आणि तीही आपल्याच रस्त्यावर. दिघ्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने खाली गेलं की घणसोलीला रिलायन्सचं मोठं संकुल लागतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. वडापाववाल्यापासून दवाखान्यापर्यंत सगळे मोबाईलवर आले. मग प्रत्येकाला पेज पाहिजे, व्हिडिओ पाहिजे. आमचा धंदा तिथून वाढला. आम्ही काही शिकून यात आलो नाही. गणपती मंडळाचं पेज चालवता चालवता कुणीतरी म्हणालं, "माझ्या दुकानाचं पण कर की." झालं.

इथे दिघ्याचा आणखी एक इतिहास सांगायला पाहिजे. तो कडू आहे.

२०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर हातोडा पडायला लागला. एमआयडीसी, सिडकोच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या नव्वदहून जास्त इमारतींचा प्रश्न होता. लोकांनी पैसे दिले होते, लाईट होती, नळ होता, दारावर नावाची पाटी होती. फक्त खालची जमीन त्यांची नव्हती. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने सामान टेम्पोत भरलं तेव्हा त्यांच्या शाळकरी मुलीने भिंतीवरचं आपलं वेळापत्रक काढून घडी करून दप्तरात ठेवलं. ते मी विसरलो नाही.

आता सांगा, आम्ही ज्याच्यावर धंदा उभा करतो ती जमीन कुणाची? ऑर्कुट आठवतंय? २००४ मध्ये आलं, आपल्याकडे घराघरात गेलं, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. टिकटॉकवर गावोगावची पोरं पोट भरायला लागली होती. २९ जून २०२० ला सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली. कारण राष्ट्रीय सुरक्षेचं दिलं, त्या निर्णयावर इथं वाद घालायचा नाही. मुद्दा एवढाच की ज्याने तीन वर्षं घासून लाखभर फॉलोअर जमवले त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही नव्हतं. पंचनामा नाही, पुनर्वसन नाही, मुदत नाही. दिघ्याच्या लोकांना निदान नोटीस आली होती.

माझंही एकदा झालं. एका ग्राहकाचं पेज एका रात्रीत बंद पडलं. कुठला नियम मोडला ते कळेना. अर्ज केला, यंत्राचं उत्तर आलं. परत केला, तेच उत्तर. फोन करायला नंबर नाही, जायला कार्यालय नाही. ग्राहक म्हणाला, चूक तुझीच असणार. त्याच्याकडचं तीन महिन्यांचं बिल राहिलं ते राहिलंच. त्याच पावसाळ्यात मला डेंगी झाला, तीन आठवडे झोपून होतो. कमाई शून्य. वडील उशाशी बसून म्हणाले, "आमच्या टोळीत कुणी पडलं तर मुकादम घरी यायचा. तुझा मुकादम कोण?"

मी काय सांगणार? माझा मुकादम एक अल्गोरिदम आहे, तो घरी येत नाही.

बरं, रडगाणं पुरे. आज हातात काय आहे ते सांगतो, कारण बऱ्याच पोरांना हे माहीतच नाही.

पहिलं, उद्यम नोंदणी. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुमच्याकडून काम घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला, आणि काहीही ठरलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार समाधान पोर्टलवर करता येते. मात्र नोंदणी काम घ्यायच्या आधी करून ठेवा, पैसे बुडाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मी नेमकी उशिरा केली.

दुसरं, कामाचं लेखी. मोठा करार नको, एक ईमेल चालेल. काम काय, पैसे किती, कधी. "भाऊ, आपल्यात काय लिहायचं" म्हणणाऱ्याकडून तर आधी लिहून घ्या.

तिसरं, आपली जमीन थोडी तरी आपली ठेवा. ग्राहकांची यादी, फोटोंच्या मूळ प्रती, स्वतःच्या नावाची वेबसाइट. भाड्याच्या खोलीत राहताना पण गावच्या घराची कागदपत्रं आपण जपून ठेवतोच ना?

चौथी गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची आहे. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द कायद्यात पहिल्यांदा आले. प्लॅटफॉर्म कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम अशा कामगारांच्या निधीत द्यायची, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची त्यावर मर्यादा. हे ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे डिलिव्हरीवाले आणि टॅक्सीवाले येतात, आणि ते बरोबरच आहे, त्यांचा हक्क आधी. पण संहितेची सातवी अनुसूची वाचा. त्यात व्यावसायिक सेवा आहेत, कंटेंट आणि माध्यम सेवाही आहेत. म्हणजे दार किलकिलं आहे.

पण एक मोठी फट आहे. मी काम करतो होमस्टेवाल्यासाठी, डॉक्टरसाठी, मंडळासाठी. ते प्लॅटफॉर्म नाहीत. ज्या अॅपवर मी पोस्ट टाकतो ते म्हणणार, आम्ही याला कामावर ठेवलंच नाही. दोघांच्या मधे मी लोंबकळत. १९६९ च्या आधी माथाड्याची हीच अवस्था होती. व्यापारी म्हणायचा, हा माझा माणूस नाही. ट्रकवाला म्हणायचा, माझाही नाही.

म्हणून म्हणतो, उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. ते आपल्या वाशीत कित्येक वर्षं चाललेलं आहे. फिरत्या डिजिटल कामगाराचं एक राज्य बोर्ड. नोंदणी ऐच्छिक असू द्या. बिल बोर्डामार्फत निघू द्या, काम देणाऱ्याने वर छोटी लेव्ही भरावी, त्यातून आजारपण आणि फंड. आणि त्या बोर्डाचं ओळखपत्र बँकेच्या त्या रकान्यात चालू द्या.

काही जण म्हणतील, माथाडीच्या नावाने खंडणीही झाली, खोटे माथाडी झाले, लेव्ही थकली. खरं आहे. उद्योजकांची ती तक्रार जुनी आहे. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, तो वाद सगळ्यांनी पाहिला. पण गोणी उचलायला गुंड पाठवता येतो, रील कापायला नाही. आणि आमचा व्यवहार पहिल्यापासून यूपीआयवर, प्रत्येक रुपयाची नोंद आहे. टोळीच्या वहीपेक्षा आमचा हिशोब सोपा आहे.

दुसरे म्हणतील, तुम्हाला स्वातंत्र्य पण पाहिजे आणि फंड पण पाहिजे. हो, पाहिजे. माथाडीलाही आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर जावं लागायचं. तरी फंड मिळाला. ते फुकट मिळालं नाही, संप आणि मोर्चे काढून मिळालं. आम्ही अजून एकमेकांचे रेट पाडण्यातच गुंतलोय. पाच हजारांचं काम कुणी साडेतीनला घेतो, दुसरा दोनला. टोळी नाही, म्हणून भाव नाही.

सुरुवात छोटी करू. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली या पट्ट्यातल्या फिरत्या पोरापोरींनी एक रविवार एकत्र बसायचं. कोण पैसे बुडवतं, किमान दर काय, उद्यम कशी करायची, एवढं बोललं तरी पुष्कळ. महापालिकेकडे एक साधी मागणी करता येईल, दिघा विभागात वीज, इंटरनेट आणि टेबल असलेली एक अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवा. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं असताना लॅपटॉप मांडीवर घेऊन काम होत नाही, हे त्या खोलीत राहणाऱ्यालाच कळतं.

बँकेतल्या त्या रकान्यात मी शेवटी 'स्वतः' असं लिहिलं. कर्जाचं अजून काही कळलं नाही. बाहेर आल्यावर वडिलांनी माझी बॅग उचलून बघितली, खांद्याला लावली. म्हणाले, "जड आहे की रे." ज्या माणसाने आयुष्यभर पोती वाहिली तो असं म्हणाला. मग स्टेशनपर्यंत ती बॅग त्यांनीच नेली, मला देईनात.

रविवारी कोण येतंय, कळवा.